बोकडांच्या काट्यावरची पोर

मी एक जुना वजनकाटा आहे. पत्र्याला पोचा आलेला, एक पाय अधू, आणि तोंडानं फटकळ. तुमच्या घरात न्हाणीपाशी काचेचा एक नाजूक काटा असेल, गुळगुळीत, बोटानं ढकलला तरी सरकणारा. तसला मी नव्हे, मित्रांनो. मी बोकडांचा काटा. दोनशे किलोपर्यंतचं जनावर अंगावर घ्यायचं, हे माझं काम. माझ्यावर रक्त सांडलंय, लेंड्या पडल्यात, शिंगं आपटलीत. पण माझ्या पत्र्याला आलेला हा पोचा कुठल्या बोकडाचा नाही. तो एका बापाच्या पाठीनं आलाय. तो कसा आला, तेच सांगायला बसलोय.

भोसरीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी जन्मलो. जन्मतःच अंगावर हातोडी. खालच्या चौकटीला चार पाय, वर जाड पत्रा, आणि पोटात लोखंडाचा एक तुकडा. अंगावर ओझं आलं की तो तुकडा केसभर वाकतो आणि वर खांबावरच्या डब्यात लाल आकडे उमटतात. एवढंच माझं शहाणपण. हसावं की रडावं, मारावं की सोडावं, हे मला कळत नाही. आकडा दाखवून मी मोकळा होतो. पुढे माणूस त्या आकड्याचं काय करतो, ते नुसतं बघत बसायचं.

टेम्पोत घालून मला घोटावडे फाट्यावर आणलं, नरहरीच्या मटणाच्या दुकानात. नरहरी म्हणजे पंचाण्णव किलोचा गडी. मान आखूड, कान कुस्तीत फुटलेले, आवाज असा की कोंबड्या दचकायच्या. दुकानाच्या मागेच घर. घरात बायको जया आणि एकुलती एक लेक दिशा. सकाळी साडेसहाला बोकडाचं वजन, सातला सुरा, आठला गिऱ्हाईक. दिवसभर ओंडक्यावर सत्तूर आपटायचा आणि त्या हादऱ्यानं माझे आकडे थरथरायचे. रविवारी हिंजवडीच्या कंपन्यांतली माणसं गाड्या लावून रांग धरायची. मुलखात एक बोलणंच झालं होतं, वजन बघायचं तर नरहरीच्या काट्यावर. ते ऐकून माझी छाती फुगायची. फुगेल नाहीतर काय! सालोसाल तपासणीचा शिक्का मारून घेतलेला काटा होतो मी.

आता नरहरीचा एक कायदा ऐका, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. विकायला आणलेलं बोकड तो आणल्याआणल्या कधीच जोखायचा नाही. ते रात्रभर त्याच्या गोठ्यात बांधायचं, ना चारा, ना पाणी. सकाळी साडेसहाला गळ्यातला दोर काढून, उपाशीपोटी माझ्यावर उभं करायचं. कारण लबाड व्यापारी बोकडाला मीठ चाटवतात, वर भरपूर पाणी पाजतात. घटकाभरात दीड-दोन किलो वजन वाढतं आणि ते सगळं असतं पाणी.

एकदा एक व्यापारी हट्टाला पेटला. "आत्ताच्या आत्ता जोख. मला टाइम न्हाई."

"फुगलेल्या पोटाचं वजन म्या धरत न्हाई," नरहरी म्हणाला.

"मग काटाच खोटा आसंल तुझा."

झालं! नरहरीचा गुद्दा त्याच्या जबड्यावर बसला. व्यापारी माझ्यावर पालथा पडला, त्याचा एक दात माझ्या पत्र्यावर टणकन वाजला. वर आकडा उमटला, एकाहत्तर दोनशे. दाताशिवाय किती ते मला ठाऊक नाही. मला तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? माझ्या अब्रूसाठी भांडणारा मालक मिळाला असं वाटलं. त्या हाताला दुसरंही काही करता येतं, हे मला अजून दिसायचं होतं.

दिशा एकोणीस वर्षांची. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आणि पहाटे-संध्याकाळ कुशाबा वस्तादांच्या तालमीत. बोकडं सोडायला ती यायची तेव्हा दोन बोकडं दोन बगलांत धरून आणायची. अशी पोर. सात आठवड्यांवर कुस्ती संघाची निवड चाचणी आली होती. सत्तावन्न किलोच्या गटात तिच्याच तालमीतली एक तगडी मुलगी होती, म्हणून हिनं त्रेपन्नच्या गटात उतरायचं ठरलं. हिचं वजन सत्तावन्न चारशे. चाचणीच्या सकाळी त्रेपन्नच्या वर दहा ग्रॅम जरी भरलं तरी बाहेर.

कुशाबा वस्ताद स्वतः दुकानात आले. सत्तरीचे, वाळलेले, पण नजर शाबूत. म्हणाले, "नऱ्या, सात हप्ते लई हायेत. सावकाश उतरंल. रोज सकाळी एकाच टायमाला, पोट रिकामं आसताना, एकाच काट्यावर वजन घ्यायचं. एका दिवसाच्या आकड्यानं भिऊ नको, हप्त्याचं बघ. आकडा मागंपुढं होतोच."

"वस्ताद, वजन मला शिकवू नका," नरहरी सत्तूर पुसत हसला. "वीस वरसं दुसरं काय करतोय म्या?"

अहो, खरंच होतं की! सगळ्या मुळशी तालुक्यात हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मीही निश्चिंत झालो आणि तिथंच फसलो.

कारण पोरीचं वजन घ्यायची वेळ त्यानं ठरवली ती स्वतःच्या सवडीनं. आज दुकान मिटल्यावर संध्याकाळी सात, उद्या दुपारी जेवणानंतर, परवा तालमीतून आल्याआल्या घामानं भिजलेल्या कपड्यांत. कधी पायात बूट, कधी नाही. आणि प्रत्येक आकडा मागच्या निळ्या दारावर खडूनं लिहायचा. सत्तावन्न चारशे. छप्पन आठशे. सत्तावन्न नऊशे!

"हे वर कसं चढलं?" नरहरीनं विचारलं.

"आप्पा, आत्ताच जेवले मी. एकच भाकरी."

"एका भाकरीचं किलोभर वजन हुतंय व्हय? मला शिकवती?"

कानाखाली आवाज निघाला. तिचा एक पाय माझ्यावरून घसरला, आकडा सत्तावन्नवरून तीसवर आला, परत सत्तावन्नवर गेला. ती पुन्हा सरळ उभी राहिली. बापापुढे हात उचलायचा नसतो, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. आखाड्यात दोन मणाची पोरगी उचलून आपटणारी दिशा माझ्यावर मान खाली घालून उभी राहायची.

नरहरी वाईट माणूस होता का? मला त्याचा इतका राग यायचा की खांब काढून त्याच्या डोक्यात घालावा. पण त्याचीही एक गोष्ट होती. तोही एकोणिसाव्या वर्षी असाच वजन द्यायला उभा राहिला होता आणि तीनशे ग्रॅमनं बाद झाला होता. त्याच्या बापानं त्याला तिथंच, चार गावांच्या लोकांसमोर, चपलेनं मारलं. त्यानंतर तो कधी आखाड्यात उतरला नाही. संतापला की त्याच्या तोंडून एकच निघायचं, "तीनशे ग्रॅम! तीनशे ग्रॅमनं जल्म गेला माझा!" मार खाल्लेला माणूस मार विसरत नाही, हे मला पटतं. पण तोच मार लेकीला द्यायचा, हे मला कधीच पटलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात वजन छप्पनच्या खाली गेलं. नरहरीनं खुशीत येऊन माझा पत्रा स्वतः पुसला. चौथ्या आठवड्यात ते पुन्हा किलोभर वर चढलं. पोरगी एका भाकरीवर होती, सकाळ-संध्याकाळ पळत होती, तरी वर. मला कारण दिसत होतं. तिचं अंग जड झालं होतं, पोट धरून चालत होती, महिन्याचे दिवस जवळ आले होते. त्या दिवसांत बाईच्या अंगात पाणी साठतं आणि आपोआप उतरतं. जयाला हे माहीत होतं. पण नवऱ्यापुढे हे कसं बोलायचं, म्हणून ती दाराआड पदर चावत उभी राहिली.

माझ्या खांबाच्या शेजारी खुंटी आहे. तिच्यावर बोकडांचे दोर टांगलेले असायचे. त्या दिवशी नरहरीनं त्यातला एक काढला.

"चोरून काय खाल्लं ते सांग. आधी सांग, मग मोजतो."

"काय न्हाई खाल्लं, आप्पा."

दोर पाठीवर बसला. मी वजन मोजत होतो, दुसरं काय करणार? प्रत्येक फटक्याला आकडा दोन-तीन किलोनं उसळायचा आणि परत जागेवर यायचा. पाच वेळा उसळला. पाचही वेळा मी तो इमानानं दाखवला. त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्या इमानाची लाज वाटली.

वस्तादांना कळलं तेव्हा ते दुकानात शिरले आणि गिऱ्हाइकांसमोर नरहरीची गचांडी धरली. "पोरीच्या पाठीवर वळ हायेत, नऱ्या. ते आखाड्यात मिळालेले न्हाईत." नरहरीनं त्यांना ढकललं. म्हातारा माणूस तो, ओंडक्यावर आपटला, कोपर फुटलं. गिऱ्हाइकांनी दोघांना सोडवलं. मटण घेतलं आणि गेले.

मग नरहरीनं पाणी बंद केलं. चाचणीला दहा-बारा दिवस राहिले होते. दिवसाला दोन पेले, बस. "पाण्याचं वजन तर लगीच उतरतंय," असं तोच म्हणाला! मीठ चाटवलेल्या बोकडाला ओळखणारा माणूस हा. पोरीचे ओठ फुटले, डोळ्यांखाली काळं आलं. एका दुपारी आकडा चौपन्न दोनशे आला तेव्हा त्यानं मला टाळी दिली, खांबाला, हो! आणि ती उतरताना भिंत धरून उतरली.

दुसऱ्या दिवशी दिशा तालमीत चक्कर येऊन पडली. तालमीतल्या मुलींनी तिला घरी आणलं. जयानं या खेपेला कुणाला विचारलं नाही. मीठ-साखरेचं पाणी करून तांब्याभर पाजलं, वर वाटीभर मऊ भात चारला. पोरीच्या तोंडावर रंग आला. संध्याकाळी नरहरी दुकान मिटून आला. झालेलं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"चढ."

ती चढली. चौपन्न नऊशे.

नरहरीनं खुंटीवरचा दोर काढला.

"म्या पाजलं पाणी," जया मध्ये आली. "चक्कर यिऊन पडली हुती पोर. मारायचं आसंल तर मला मारा."

"तूच फितूर हाय व्हय!" आणि त्यानं खरंच दोर जयावर उगारला. पहिला फटका तिच्या खांद्यावर बसला, ती खाली बसली. दुसरा उगारला तो हवेतच राहिला.

दिशानं त्याचं मनगट धरलं होतं.

"आप्पा, सोडा."

"हात धरती? बापाचा हात धरती?" त्यानं दुसऱ्या हातानं तिचे केस पकडले आणि तिला माझ्या खांबावर आपटलं. तिची भुवई फुटली, रक्त माझ्या लाल आकड्यांवर उडालं. त्यानंतर जे झालं ते डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. ती वळली, त्याचा दंड खांद्यावर घेतला, कंबर त्याच्या पोटाखाली घातली आणि पंचाण्णव किलोच्या बापाला पाठीवरून उचलून टाकलं. धोबीपछाड! नरहरी उताणा माझ्यावर आदळला. माझ्या पोटातल्या लोखंडात काहीतरी करकरलं, मागचा डावा पाय वाकला, पत्रा खाली गेला. एवढं दुखणं मला कधी झालं नव्हतं. आणि खरं सांगू? एवढा आनंदही कधी झाला नव्हता.

नरहरीचा श्वास अडकला होता. ती त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसली. भुवईतलं रक्त त्याच्या शर्टावर गळत होतं.

"तुमी बोकडाचं वजन सकाळी घेता," ती म्हणाली. ओरडली नाही. "उपाशीपोटी घेता. दोर काढून घेता. फुगलेल्या पोटाचं वजन धरत न्हाई म्हणून लोकांचे दात पाडता. मी तुमची लेक हाय, आप्पा. बोकडाला जेवढा न्याय देता, तेवढा तरी मला द्या."

ती बाजूला झाली. तो उठायला गेला तर जयानं त्याला हातानं थांबवलं. "बसा तितंच. पाय वर घ्या." तो माझ्यावर मांडी घालून बसला. मी आकडा दाखवला, पंचाण्णव चारशे. जयानं आतून मोठा तांब्या भरून आणला. "प्या." त्याला धाप लागली होती, घसा कोरडा पडला होता. तो घटाघटा सगळा तांब्या प्यायला. जयानं रिकामा तांब्या त्याच्या हातातून घेतला आणि आकडा मोठ्यानं वाचला.

"शहाण्णव तीनशे. नऊशे गिराम वाढलात." खाली पडलेला दोर तिनं उचलला, हाताला गुंडाळला आणि त्याच्यापुढे उभी राहिली. "चोरून काय खाल्लंत? सांगा. मारू का आता?"

नरहरी आकड्याकडं बघत बसला. मग तो तोंड झाकून रडला. जयानं तो दोर चुलीत घातला. बोकडांसाठी दुसऱ्या दिवशी नवे आणले, पण ते त्या खुंटीवर नाही, गोठ्यात टांगले.

उरलेले नऊ दिवस दिशा स्वतः माझ्यावर चढायची. सकाळी साडेसहाला, परसाकडं जाऊन आल्यावर, पाणीही न पिता, रोज त्याच एका गंजीत. पाणी मग दिवसभर हवं तेवढं, जेवण वस्तादांनी सांगितल्याप्रमाणं. एखाद्या दिवशी आकडा शंभर-दोनशेनं वर जायचा. ती खडूनं लिहायची आणि पळायला जायची. आकडा एवढा साधा असतो हे मला तेव्हा कळलं. नरहरी ओंडक्यापाशी उभा राहून बघायचा, जवळ यायचा नाही.

चाचणीच्या पहाटे मी त्रेपन्न दोनशे दाखवलं.

दोनशे ग्रॅम जास्त! नरहरी पुढे आला. त्याची नजर रिकाम्या खुंटीकडं गेली. माझा श्वास थांबला, मला श्वास असता तर. तो म्हणाला, "आसू दे. तितल्या काट्यावर बघू." आणि लेकीची पिशवी उचलून बाहेर गेला.

तिथल्या काट्यावर ती बावन्न नऊशे भरली.

हो, मित्रांनो. खोटा मी होतो. पुढच्या महिन्यात तपासणीला पन्नास किलोचं वजन ठेवलं, मी पन्नास तीनशे दाखवलं. पोटातलं लोखंड त्या संध्याकाळीच वाकलं होतं. तीनशे ग्रॅम. ऐकून नरहरी खुर्चीवर बसला. त्या पहाटे त्यानं पुन्हा दोर शोधला असता, तर माझ्या चुकीसाठी तिनं मार खाल्ला असता.

दिशानं त्या चाचणीत दोन कुस्त्या मारल्या, तिसरी गुणांवर हरली. भुवईची जखम पुन्हा उघडली होती. ती राखीव निवडली गेली, पुढच्या वर्षी बघू म्हणाली. मला मात्र शिक्का नाकारला. दुकानात नवा काटा आला आणि मी भंगारवाल्याची वाट बघत गोठ्यात पडलो. माझ्यावर कोंबड्या बसायच्या. दोन पावसाळे असेच गेले. मग दिशाच एक दिवस मला हातगाड्यावर घालून तालमीत घेऊन आली. वस्ताद म्हणाले, "तीनशे जास्त दावतोय ना? दावू दे. रोज तेवढंच दावतोय. आपल्याला कालचा आन् आजचा फरक पायजे." त्या शब्दांनी माझ्या गंजलेल्या जिवात जीव आला.

आता रोज सकाळी मुली माझ्यावर उभ्या राहतात. दिशा आकडे फळ्यावर लिहिते. आणि मागच्या महिन्यापासून एक नवा पैलवान येतो. नरहरी. डॉक्टरांनी रक्तात साखर सांगितलीय, दहा किलो उतरवायला सांगितलेत. साडेसहाला चपला काढून, उपाशीपोटी, तो गपचूप रांगेत उभा राहतो. "आप्पा, खिशातलं काढा," दिशा म्हणते. तो किल्ल्या काढतो, मोबाइल काढतो.

परवाचं सांगतो. आदल्या दिवशी त्र्याण्णव दोनशे होतं, परवा मी त्र्याण्णव सहाशे दाखवलं. चारशे जास्त. नरहरीनं ते बघितलं. तेवढ्यात त्याच्या शेजारी दिशाचा हात वर गेला, आणि त्या एवढ्या मोठ्या गड्यानं डोळे घट्ट मिटून मान खांद्यात घातली.

तिनं फळ्यावरचा खडू उचलला होता. तिनंही त्याचे मिटलेले डोळे बघितले. मग आकडा लिहिला. "चारशे वाढलं, आप्पा. होतं असं. उद्या याच टायमाला या."

मित्रांनो, मला जपा, पुसा, सावलीत ठेवा असं मी म्हणणार नाही. मी लोखंड आहे, माझं काय! वाकडा झालो तरी रोज सारखा वाकडा राहीन. आकडा वर गेला की माझ्यावर उभं असलेलं माणूस घाबरून तुमच्या हाताकडं बघतं. तेवढं त्या हाताला सांगून ठेवा.